‘मूळचे’ आणि ‘आलेले’: सरकारी बँकांच्या विलीनीकरणाची पार्श्वभूमी
२०१७ मध्ये देशात २७ सरकारी बँका होत्या. १ एप्रिल २०२० ला १२ उरल्या. मधल्या विलीनीकरणांनी एकाच बँकेत ‘मूळचे’ कर्मचारी आणि दुसऱ्या बँकेतून ‘आलेले’ असे दोन गट एकत्र आले.

थोड्याच पण बलाढ्य बँका असाव्यात, ही सूचना १९९१ च्या एका समितीची. दोनच वर्षांनी तोट्यातली एक राष्ट्रीयीकृत बँक दुसरीत विलीन झाली आणि कर्मचाऱ्यांचे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते सेवाज्येष्ठतेवरून होते: जुन्या बँकेत काढलेली वर्षे नव्या यादीत कशी धरायची? तेव्हापासून ‘मर्जर’ म्हटले की बँकवाला आधी सीनिऑरिटी लिस्ट विचारतो.

पुढे गाडी वेगाने धावली. २०१७ ला सर्वांत मोठ्या बँकेत, म्हणजे स्टेट बँकेत, तिच्या पाच सहयोगी बँका आणि महिला बँक, १ एप्रिल २०१९ ला बडोदा बँकेत देना आणि विजया, वर्षभराने दहा बँकांच्या चार, तेही ऐन टाळेबंदीत.

२०१९ च्या बडोदा-देना-विजया विलीनीकरण योजनेतले एक कलम मात्र नीट वाचण्यासारखे आहे. येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन व भत्ते पूर्वीपेक्षा ‘कमी लाभदायक’ नसतील, अशी त्यात हमी होती. ऐकायला भक्कम. पण सरकारी बँकांचे पगार उद्योगपातळीवरच्या करारांनी ठरतात. देनातल्या आणि बडोद्यातल्या क्लार्कचा मूळ पगार आधीही एकाच तक्त्यातला होता. म्हणजे जे जाण्याची फारशी भीती नव्हती, त्याचीच हमी मिळाली. बदलीचे नियम, बढतीचे धोरण, स्टाफ कर्जाच्या सवलती या गोष्टी बँकेगणिक निराळ्या, आणि माणसाचे घर चालते ते त्यांवर. ‘लाभदायक’ या शब्दात त्या बसतात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले.

फायदे खोटे नव्हते. छोट्या बँकेत वरच्या खुर्च्या मोजक्याच. मोठ्या बँकेत परकीय चलन, मोठी कर्जे, परदेशातल्या शाखा अशी दारे उघडली. शाखांचे जाळे पसरल्याने घराजवळ पोस्टिंगची शक्यताही वाढली. पण देना आणि बडोदा दोघींचा पसारा गुजरात-महाराष्ट्रातच दाट, त्यामुळे एकाच चौकातल्या दोन शाखांची एक झाली. एक शाखा, एकच मॅनेजर. दुसऱ्याची बॅग भरली गेली.

बडोदा, देना आणि विजया या तिन्ही बँकांची संगणक प्रणाली एकाच बनावटीची, हेही विलीनीकरण सोपे असल्याचे एक कारण सांगितले गेले. काउंटरवर बसल्यावर कळायचे की प्रणाली एक असली तरी प्रत्येक बँकेने मेन्यू आपापल्या सोयीने बसवलेले. वीस वर्षे बोटांना सवय झालेला अधिकारी शेजारच्या नवख्या पोराला विचारायचा, “अरे, एफडी मोडायचा ऑप्शन तुमच्यात कुठे असतो?” त्या ‘तुमच्यात’चे ‘आपल्यात’ व्हायला काही शाखांत महिने लागले, काहींत अजून झालेले नाही.