निवासी डॉक्टरांच्या हातातली ॲक्युपंक्चरची सुई

बाह्यकर्णावर पाच ठरावीक जागा. पहिल्या जागी जेमतेम दोन मिलिमीटरची सुई टोचायची, रुग्णाला थोडं चालायला लावायचं, दुखणं कमी झालं का ते विचारायचं, आणि गरज असली तरच पुढची सुई. या सुया तीन-चार दिवसांत आपोआप गळून पडतात. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड निम्त्झो यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत ‘बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर’ म्हणून ओळखली जाते. शिकायला काही तास पुरतात. त्यामुळे तिथल्या लष्करी रुग्णालयांत फॅमिली मेडिसिनचं प्रशिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या हातात ती लवकर आली. तिच्यावरच्या नियंत्रित चाचण्या मात्र थोड्या आणि लहान आहेत. शिकायला सोपी असणं आणि गुणकारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

फॅमिली मेडिसिन ही अमेरिकेत १९६९ पासून स्वतंत्र विशेष शाखा आहे. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून घेतलेल्या प्रशिक्षणात, डॉक्टर तान्ह्या बाळाच्या लसीपासून आजोबांच्या मधुमेहापर्यंत सगळं शिकतो. जुनाट कंबरदुखीचा रुग्ण सर्वांत आधी याच डॉक्टरकडे येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे अशा दुखण्यांवर ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, वेदनाशामकं सढळ हाताने लिहून दिली गेली. त्यातून व्यसनाची जी साथ उसळली तिची किंमत तो देश अजून मोजतो आहे. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी आधी औषधाविना उपाय करा, असा सल्ला दिला. व्यायाम, योग, मालिश यांच्या जोडीला त्या यादीत ॲक्युपंक्चरही होतं. प्रश्न एवढाच उरला, की रुग्णाला हे सुचवणाऱ्या तरुण डॉक्टरला त्यातलं काय माहीत असतं?

ॲरिझोना विद्यापीठात अँड्र्यू वाइल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’च्या, म्हणजे आधुनिक उपचारांना पूरक उपचारांची जोड देणाऱ्या, केंद्राने याचं एक उत्तर दिलं. त्यांनी रेसिडेन्सीच्या आत बसणारा २०० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला आणि २००८ मध्ये तो फॅमिली मेडिसिनच्या आठ रेसिडेन्सींत सुरू झाला. प्रत्यक्ष सुया टोचायला शिकायचं तर डॉक्टरांसाठीचे वेगळे अभ्यासक्रम आहेत, साधारण ३०० तासांचे. रात्रपाळ्यांनी आधीच पिचलेल्या निवासी डॉक्टरला एवढे तास कुठून काढायचे, ही अडचण खरी आहे. पण त्याहून मोठा प्रश्न या तासांत काय शिकवायचं हा आहे.

माझ्या मते पहिल्या तासाला जर्मनीतली एक चाचणी शिकवावी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटाला चिनी परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्यालाही सुयाच टोचल्या, पण उथळ आणि मुद्दाम ‘चुकीच्या’ जागी. तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे ॲक्युपंक्चरच्या भक्तालाही अडचणीत आणतात आणि कट्टर विरोधकालाही. पहिल्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे शेकडो बिंदूंचे नकाशे आणि त्यांना जोडणाऱ्या ऊर्जावाहिन्या पाठ करण्यात या रुग्णांचं हित फारसं नव्हतं. पण दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. रुग्ण खरोखर बरे वाटून हिंडू-फिरू लागले. हे कशामुळे झालं? टोचण्यामुळे, अर्धा तास कुणीतरी शांतपणे लक्ष दिल्यामुळे, अपेक्षेमुळे, की नेहमीच्या उपचारांवरचा विश्वास आधीच उडाला होता म्हणून? चाचणी एवढं उलगडून सांगत नाही. पुढे २०१२ मध्ये २९ चाचण्यांतल्या जवळजवळ १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात खरी सुई खोट्या सुईपेक्षा किंचित वरचढ निघाली, पण किंचितच.

शरीरात काहीच घडत नाही असंही नाही. सुई टोचल्यावर कमी झालेली वेदना नॅलोक्सोन दिल्यावर परत जाणवते, असं १९७० च्या दशकात काही प्रयोगांत दिसलं. नॅलोक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम रोखणारं औषध. म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं यात भाग घेत असावीत. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास ॲडेनोसिन हा वेदना दडपणारा रेणू वाढलेला आढळला. मात्र यातून ऊर्जावाहिन्या सिद्ध होत नाहीत. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली तशी स्वतंत्र रचना कुणाला सापडलेली नाही. परंपरेचा इतिहास म्हणून त्या जरूर शिकवाव्यात, शरीरशास्त्र म्हणून शिकवू नयेत.

दुसरा तास मी रुग्णाला प्रश्न विचारण्यासाठी ठेवीन. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या पाहणीत दर तिघांतला एक जण कुठला ना कुठला पर्यायी उपचार करत होता, आणि त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं. हे मौन धोक्याचं आहे. नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम घटतो. ‘आणखी काही घेता का?’ हे कपाळाला आठ्या न घालता विचारणारा डॉक्टर घडवणं, हा मला या सगळ्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. तो डॉक्टर स्वतः सुई हातात धरो न धरो.

‘इंटिग्रेटिव्ह’ या छत्राखाली आहार, व्यायाम, झोप आणि होमिओपॅथी शेजारी शेजारी उभी केली जातात, तेव्हा मला काळजी वाटते. पहिल्या तिघांमागे भक्कम पुरावा आहे, चौथीमागे नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा पेच ओळखीचा वाटेल. इथे प्रवाह उलट्या दिशेने वाहतो. होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत मोठा वाद आहे. ॲक्युपंक्चरसाठी तर राज्यात स्वतंत्र कायदाच आहे. दिशा कुठलीही असो, किती तास आणि कुणाच्या देखरेखीखाली हे विचारलंच पाहिजे. छातीवर सुई खोल गेली तर फुफ्फुसाभोवती हवा शिरू शकते. असं क्वचित घडतं, पण घडतं.

अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, मेडिकेअरने, जानेवारी २०२० पासून फक्त जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. नव्वद दिवसांत बारा वेळा. सुधारणा दिसली तर आणखी आठ, आणि वर्षाला वीसच्या वर नाही. सुधारणा नसेल तर उपचार थांबवायचा, हेही त्याच नियमात लिहिलेलं आहे. निवासी डॉक्टरने सुई हातात घेण्याआधी ही थांबण्याची अट रुग्णासमोर बोलून दाखवावी, तारखेसकट केसपेपरवर लिहावी, आणि वरिष्ठांनी त्याची परीक्षा घ्यावी ती यावर.