हलक्या स्पोर्ट्स कारला किती ताकदीचं इंजिन हवं?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर वर्कशॉप

आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणारी गाडी साधारण 600 किलोची असते. पाइपांचा सांगाडा, फायबरची बॉडी, दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, एसी नाही, काचा नाहीत. चालवणारा माणूस, हेल्मेट आणि पेट्रोल धरलं की 700 किलो. या पत्रकातले सगळे हिशेब याच 700 किलोंवर केले आहेत, आणि ताकद पीएसमध्ये, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये, दिली आहे. (बीएचपीचा आकडा पीएसपेक्षा किंचित लहान येतो. भांडण्याइतका फरक नाही.)

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ही गाडी ट्रॅकवरची आहे. ती ट्रेलरवर चढून जाते आणि ट्रेलरवरूनच परत येते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातले मूळ उत्पादकाचे तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. मुळापासून नवी गाडी बांधून रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचण्या करून घ्याव्या लागतात, आणि एका गाडीसाठी तो खर्च कोणाला झेपत नाही. त्यामुळे 'एमपी 09 ची पाटी लावून मांडूला जाता येईल का' याचं उत्तर 'नाही' असंच आहे. कोणी 'करून देतो' म्हणाला तर कागद मागा.

टॉपचा प्रश्न

'भिया, टॉप कितनी जाएगी?' हा आमच्या गावचा लाडका प्रश्न. त्याचं उत्तर हवा देते. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, आणि तो रेटा दुप्पट वेगाने कापायचा असल्यामुळे लागणारी ताकद आठपट होते. उघड्या गाडीचं तर विचारूच नका. चाकं बाहेर, माणसाचं डोकं बाहेर, त्यामुळे ती दिसते बुटकी पण हवेला अडते एखाद्या मोठ्या सेदानपेक्षा जास्त.

आमच्या गाडीचा हिशेब असा: सपाट रस्त्यावर ताशी 100 चा वेग नुसता टिकवायला इंजिनाकडून सुमारे 21 पीएस लागतात. 150 ला सुमारे 63. आणि 200 ला 140 च्या पुढे. म्हणजे 150 वरून 200 वर जायला 80 पीएस जास्त मोजायचे, आणि 200 चा वेग गाठण्याइतकी सरळ वाट आपल्या देशातल्या ट्रॅकवर जवळपास फक्त ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सापडते. तिथे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे अख्खा मिळून 2.1 किलोमीटरचा. तिथे टॉप स्पीडसाठी पैसे घालणं म्हणजे ते पैसे गॅरेजमध्येच ठेवणं.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आपल्या दाराशी आहे, हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी बांधलाय. त्याच्यावर डोळा ठेवून इंजिन निवडू नका.

पिकअप, आणि टायरने घातलेली मर्यादा

ट्रॅकवर मजा येते ती पिकअपची, हे कबूल. 700 किलो वजन शून्यावरून 100 वर न्यायचं तर त्यात सुमारे 270 किलोज्यूल ऊर्जा ओतावी लागते. इंजिनाची पूर्ण ताकद या सगळ्या काळात मिळत नाही: गिअर बदलताना तुटते, खालच्या आरपीएमला कमी असते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) थोडी जिरते. हातात सरासरी निम्म्याहून थोडी जास्तच पडते. त्या हिशेबाने 90 पीएसची गाडी साडेसात सेकंदांच्या आसपास 100 गाठेल, 120 पीएसची साडेपाच-सहात.

मग 180 पीएस घातले तर चार सेकंदांच्या आत? इथे टायर आडवा येतो. साध्या चांगल्या रोड टायरवर, फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली आमची गाडी जास्तीत जास्त 0.6 जीच्या आसपास (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 0.6 पट जोराने) पुढे झेपावू शकते. त्यापुढे ताकद वाढवली तर गाडी जास्त जोरात जात नाही, चाकंच जागच्या जागी फिरतात. 90 पीएसला ही मर्यादा ताशी 50 पर्यंत जाणवते. 120 ला साधारण 67 पर्यंत. 180 ला थेट 100 पर्यंत! म्हणजे 180 पीएसच्या गाडीत 100 च्या खाली पाय पूर्ण दाबायचा क्षण येतच नाही. शून्य ते 100 ला पावणेपाच सेकंदांच्या खाली जायचं असेल तर पैसे इंजिनात नाही, टायरमध्ये घाला. सेमी-स्लिक टायर (खाचा कमी, पकड जास्त असे ट्रॅकचे टायर) महाग आहेत आणि लवकर झिजतात, पण ते वळणावर आणि ब्रेकवरही कामाला येतात. इंजिन येत नाही.

वळणातून बाहेर पडताना

ट्रॅकवर खरा फरक इथे दिसतो. समजा तुम्ही ताशी 60 ने वळणातून बाहेर पडलात आणि समोर 400 मीटर सरळ वाट आहे. 90 पीएसची गाडी शेवटी सुमारे 138 वर पोहोचते, 130 पीएसची 156 वर. वेळेत फरक सव्वा सेकंदाचा. ट्रॅकवर सव्वा सेकंद म्हणजे पुष्कळ, नाकारत नाही.

पण त्याच पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबायचा आहे. 156 वरून थांबताना ब्रेकमध्ये 138 पेक्षा सव्वापटीहून जास्त उष्णता तयार होते, आणि ती प्रत्येक फेरीत. म्हणजे मोठ्या डिस्क, जाड पॅड, जास्त तापमानाचं ब्रेक फ्लुइड, हवेच्या नळ्या. मोठ्या इंजिनाला मोठा रेडिएटर. जास्त टॉर्क म्हणून मजबूत गिअरबॉक्स आणि जाड अ‍ॅक्सल. सांगाड्याला चार जास्तीचे पाइप. बघता बघता 60 किलो वाढतात, आणि मग 'थोडं वजन वाढलंय, जरा ताकद वाढवू या' असा फोन येतो. हे चक्र एकदा सुरू झालं की 600 किलोची गाडी 800 ची होते आणि ती स्पोर्ट्स कार राहत नाही, नुसती महाग होते.

उलट 700 पैकी 60 किलो कमी केले तर पिकअपला तो नऊ टक्के ताकद वाढवल्यासारखा फायदा. शिवाय ब्रेक, टायर, वळण सगळ्यांचं ओझं हलकं होतं.

हे आम्हीच म्हणतो असं नाही. 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुरुवातीला 40 च्या आसपास हॉर्सपॉवरच्या फोर्ड इंजिनावर धावत होती, आणि तिचीच परंपरा 1973 पासून कॅटरहॅम चालवत आहे. कॅटरहॅमच्या सेव्हन 170 मध्ये सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडर टर्बो इंजिन आहे, ताकद 84 बीएचपी, गाडीचं वजन 440 किलो. 1996 ची लोटस एलिझ 120 पीएसच्या आसपास होती, वजन सव्वासातशे किलोंच्या घरात. 1989 ची माझ्दा एमएक्स-5 हजार किलोंच्या आत आणि 116 पीएस. यातली एकही गाडी कागदावर भीतीदायक वाटत नाही. चालवून बघितलेल्यांना विचारा.

आणि दारातलं उदाहरण: पीथमपूरला होणाऱ्या बाहा एसएई इंडियामध्ये कॉलेजची मुलं स्वतः बांधलेल्या बग्या घेऊन येतात. पेट्रोलच्या गटात वर्षानुवर्षं इंजिन सगळ्यांना एकच होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 10 हॉर्सपॉवरचं. तरी काही गाड्या चढावर उड्या मारत जातात आणि काही पाठीमागे धापा टाकतात. फरक वजनाचा, गिअरचा आणि सस्पेन्शनचा.

इंदूरची हवा आणि मे महिना

ब्रोशरमधली ताकद कंपनीच्या ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला मोजलेली असते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच. इथे साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद नुसत्या उंचीने जाते. मे महिन्यात पारा 42 वर गेला की आणखी तीन-चार टक्के. ब्रोशरमधले 90 पीएस इथे 82 च्या आसपास उरतात. टर्बो इंजिन उंचीची भरपाई बरीचशी करून घेतं, पण उन्हात इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) तापला की तेही सुस्तावतं. आम्ही रेडिएटर मेच्या हिशेबाने बसवतो, जानेवारीच्या नाही. गाडी हलकी दिसते म्हणून छोटा रेडिएटर लावणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्या फेरीला त्यांचा काटा लाल रेघेला असतो.

कोणतं इंजिन

बहुतेकांना आम्ही स्विफ्टच्या घराण्यातलं 1.2 लिटरचं चार सिलिंडर इंजिन सुचवतो. 80 ते 90 पीएस, सुटे भाग गल्लीत मिळतात, आणि ते उघडून पुन्हा बसवणारा मेकॅनिक राऊपासून पीथमपूरपर्यंत कुठेही सापडतो. राष्ट्रीय स्पर्धेतल्या एलजीबी फॉर्म्युला 4 गाड्याही मारुतीच्याच 1.3 लिटरच्या इंजिनावर पळत आल्या आहेत. शिवाय पुढच्या चाकांच्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात असतं. तो गठ्ठा उचलून चालकाच्या पाठीमागे बसवला की मागच्या चाकांची मिड-इंजिन गाडी तयार, मधला शाफ्टही लागत नाही. फक्त पाचवा गिअर मायलेजसाठी लांब ठेवलेला असतो, त्यामुळे जमल्यास फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची गिअरची जोडी) बदलून घ्या. त्या एका बदलाने 10 पीएस वाढवल्यासारखं वाटतं.

ज्यांना खरोखर जास्त हवं त्यांच्यासाठी एक लिटरची टर्बो इंजिनं आहेत. बलेनो आरएसमधलं बूस्टरजेट 102 पीएसचं, ह्युंदाईचं 120 पीएसचं. ह्युंदाईचा 170 न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क तर खालच्या आरपीएमलाच हाती येतो. त्यांची अडचण ताकदीची नाही, वायरिंगची. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक), एबीएसशी बोलणारे सेन्सर यांची समजूत काढता काढता महिना जातो, किंवा वेगळा ईसीयू लावावा लागतो.

मोटरसायकलचं इंजिन हा तरुण ग्राहकांचा आवडता हट्ट, विशेषतः हायाबुसाचं. आवाज स्वर्गीय, वजन कमी, गिअर चटचट पडतात. पण त्याला रिव्हर्स नाही. क्लच अडीचशे किलोंच्या दुचाकीसाठी बनवलाय, 700 किलोंसाठी नाही. आणि दुचाकी वळणात झुकते, चारचाकी झुकत नाही. त्यामुळे सम्पमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, ऑइल एका बाजूला पळतं, पंपाला हवा मिळते आणि बेअरिंग जातं. बॅफल (ऑइल अडवणारे पडदे) लावलेला सम्प किंवा ड्राय सम्प (ऑइलची वेगळी टाकी) नसेल तर आम्ही हे काम घेत नाही.

जुनं इंजिन स्वतः आणणार असाल तर बिल आणि इंजिन नंबरचा कागद सोबत आणा. कागद नसलेलं इंजिन आम्ही दारातूनच परत पाठवतो, मग ते कितीही 'ओळखीतलं' असो. बसवण्याआधी सगळ्या सिलिंडरची कंप्रेशन टेस्ट (दाब नीट धरतात का ती तपासणी) होते, ती तुमच्यासमोर.

आमचं मत

पहिल्या गाडीला 80 ते 100 पीएस. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याला, ज्याची वळणं सुधारली आहेत आणि जो आता सरळ पट्ट्यावर कंटाळतो, त्याला 120 ते 140. त्यापुढे 180 पर्यंत फक्त सेमी-स्लिक टायर, मोठे ब्रेक आणि लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक जागच्या जागी फिरू न देणारं) यांसकट. 180 च्या वर आम्ही बांधत नाही. धंद्याचं नुकसान होतं, चालेल.

नंतर इंजिन बदलण्याचा विचार असेल तर आत्ताच सांगा. इंजिन माउंट, पेट्रोलच्या नळ्या आणि ब्रेकचे हब पुढच्या इंजिनाच्या मापाने आधीच बसवता येतात, वजन जेमतेम काही किलो वाढतं. सांगाडा नंतर कापायला बसलं तर तेच काम तिप्पट होतं. रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण लागेल. त्यात 'नंतर बघू' नाही.

भेटीला येताना पुढची माहिती घेऊन या: हेल्मेट आणि बुटांसकट तुमचं वजन, उंची, कोणत्या ट्रॅकवर जाणार त्याचं नाव, आणि टायरसाठी वर्षाला किती खर्च करायची तयारी आहे तो आकडा. सोबत मुलगा किंवा मित्रही गाडी चालवणार असेल तर त्याचंही वजन. इंजिनाचं नाव ठरवून आलात तरी हरकत नाही, ते आम्ही शेवटी लिहून घेऊ.