तेच प्रश्न पुन्हा न विचारणारा पायथन

‘पायथन ही प्रोग्रामिंग भाषा संथ आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. पण भाषा म्हणजे नुसते नियम. संथ किंवा चपळ असतो तो ते नियम पाळून प्रोग्राम चालवणारा इंटरप्रिटर. बहुतेकांच्या संगणकावर असतो तो सीपायथन. तो प्रोग्रामचा बाइटकोड, म्हणजे इंटरप्रिटरला समजणाऱ्या छोट्या सूचनांची मालिका, करतो आणि त्यातली एकेक सूचना पार पाडतो.

‘क + ख’ एवढी बेरीज घ्या. क आणि ख पूर्णांक आहेत, मजकूर आहे की याद्या, हे आधी ठाऊक नसतं. म्हणून मूळ पद्धतीत दर वेळी प्रकार तपासायचा, त्या प्रकाराची बेरीज कशी करायची ते शोधायचं आणि उत्तरासाठी बहुधा मेमरीत नवी वस्तू घडवायची. 64-बिट यंत्रावर नुसत्या 1 या आकड्याला 28 बाइट लागतात! लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, दहा लाख वेळा फिरला, तर ही चौकशीही दहा लाख वेळा.

पायपाय हा पायथनचा दुसरा इंटरप्रिटर इथेच बाजी मारतो. एखादा लूप हजारेक वेळा फिरला की त्याच्या एका फेरीत नेमकं काय काय घडलं, याची तो नोंद घेतो आणि तेवढ्याच वाटेचा मशीन कोड, म्हणजे प्रोसेसर थेट पाळतो अशा सूचना, बनवतो. आता क आणि ख पूर्णांकच असतील असं धरून चालायचं. फक्त तसं नसेल तर अडवणारे पहारे मधे बसवायचे. पहारा अडला की काम परत इंटरप्रिटरकडे. तोच पहारा वारंवार अडू लागला, तर त्या आडवाटेचाही मशीन कोड तयार होतो. फेरीबाहेर कुणाला न लागणाऱ्या वस्तू तर घडवल्याच जात नाहीत.

मला सर्वांत थक्क करते ती यापुढची गोष्ट. हा जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड बनवणारा भाग, तुमच्या प्रोग्रामची नव्हे, तो चालवणाऱ्या इंटरप्रिटरची वाट नोंदवतो. तो इंटरप्रिटर आरपायथन या पायथनच्याच मर्यादित रूपात लिहिलेला आहे आणि जेआयटी त्यातून आपोआप निर्माण होतो. त्याच साधनांनी रूबी या भाषेसाठी टोपाझ हा इंटरप्रिटरही उभा राहिला.

सगळ्यांनाच हे जमलं नाही. गूगलमधल्या अनलेडन स्वॅलो प्रकल्पाने 2009 मध्ये एलएलव्हीएम या मशीन कोड बनवणाऱ्या तयार साधनसंचाच्या जोरावर पाचपट वेगाचं लक्ष्य ठेवलं होतं. ते गाठता आलं नाही. सीपायथनने मात्र 2022 च्या 3.11 आवृत्तीत, वारंवार येणाऱ्या प्रकारांसाठी खास सूचना वापरून सरासरी 25 टक्के जादा वेग मिळवला. 3.13 मध्ये प्रायोगिक जेआयटीही आला.

‘इंटरप्रिटर बदला, शंभरपट वेग मिळवा’ अशा जाहिरातबाजीवर विसंबू नका. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतली जड आकडेमोड आधीच सी या वेगवान भाषेत होते. उलट पायपायमध्ये सीमध्ये लिहिलेली अशी एक्स्टेन्शन्स (जोड-भाग) जुळवणीच्या थरातून जाताना मंदावतात. नेटवर्कची वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला काहीच फरक पडत नाही. आणि क्षणभरात संपणारी छोटी स्क्रिप्ट तर जेआयटीची नोंद पुरी होण्याआधीच संपलेली असते.