दार आपटलं आणि ‘कार्बि…’ अर्धवट राहिलं

“टॅब्लेट कार्बि…” इथं डॉक्टरांच्या मागचं दार आपटलं. पुढं ऐकू आलं ते एवढंच : “…टेन, टीडीएस.” म्हणजे दहा मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

लातूरच्या एका दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. त्या दिवशी सकाळपासून फिटचे दोन पेशंट झाले होते. बोटांनी आपसूक ‘कार्बामॅझेपिन’ हे फिटचं औषध लिहिलं. भीती वाटावी अशी गोष्ट पुढची आहे : मला ते नाव स्पष्ट ऐकू आलं होतं. मागं नेऊन पुन्हा लावलं, तरी तेच.

असं का होतं, हे रिचर्ड वॉरेन या मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्ये दाखवून दिलं. रेकॉर्ड केलेल्या एका वाक्यातला एक ‘स’ त्यानं पूर्ण कापला आणि तिथं खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच अक्षर गाळल्याचं कळलं नाही. त्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला नेमका कुठं आला, हेही त्यांना सांगता येईना. गाळलेली जागा मेंदू स्वतः भरतो आणि भरल्याचं आपल्याला कळूही देत नाही. भरताना वापरतो ते नुकतंच कानावरून गेलेलं. माझ्या बाबतीत, सकाळचे फिटचे पेशंट.

म्हणून आवाज वाढवून, हेडफोन दाबून फारसा उपयोग नसतो. शोध कानाबाहेर घ्यावा लागतो.

मला अडवलं ते ‘टेन’नं. मोठ्या माणसासाठी कार्बामॅझेपिनच्या गोळ्या १००, २००, ४०० मिलिग्रॅमच्या असतात. दहा कुठून आली? तीन ओळी मागं गेले. नाडी १२४, हात थरथरतात, भूक चांगली तरी वजन उतरलेलं, टीएसएच हे थायरॉइडवर ताबा ठेवणारं संप्रेरक अगदीच कमी. हा तर थायरॉइड जास्त काम करत असल्याचा पेशंट! त्याचं औषध कार्बिमॅझोल, आणि त्याची गोळी दहाची मिळते. चुकीचं नाव गेलं असतं तर थायरॉइड तसाच धावत राहिला असता आणि नको असलेलं फिटचं औषध पोटात गेलं असतं.

नावाच्या शेपटीवरूनही बरंच कळतं. औषधांची जागतिक नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते; पहिली यादी १९५३ साली निघाली. एका कुळातल्या औषधांना एकच शेपटी : ‘ओलॉल’ असेल तर बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं, ‘सार्टन’ असेल तर बीपीचं. पण नुसत्या ‘झोल’वर विसंबू नये. पँटोप्रॅझोल पित्ताचं, फ्लुकोनॅझोल बुरशीचं, मेट्रोनिडॅझोल जंतूंचं, आणि आपलं कार्बिमॅझोल थायरॉइडचं. ‘झोल’च्या आधीचं अक्षर हाती लागेपर्यंत काहीच हाती लागलेलं नसतं.

कधी डोसही साथ देत नाही. हायड्रालाझिन बीपीचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं, आणि दोन्ही २५ मिलिग्रॅममध्ये मिळतात. अमेरिकेत ‘लोसेक’ हे पित्ताचं औषध आणि ‘लॅसिक्स’ हे लघवी वाढवणारं औषध यांत इतका घोळ झाला, की १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावं लागलं.

फोनवर विचारावं, तर तिथंही अडचण. साध्या कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, आणि ‘स’चा जोर बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून ‘स’ आणि ‘फ’ सारखेच वाटतात आणि आपण “स, सशाचा” म्हणतो. आकड्यांसाठी मात्र आपली मराठी कामाला येते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात एकच होतात. मी विचारते, “सर, पंधरा की पन्नास?” गोंधळ तिथंच संपतो.

कार्बिमॅझोल ओळखलं, तरी ते मी परस्पर लिहिलं नाही. पुरावा कितीही पक्का असला, तरी तो माझा तर्क. औषधाच्या जागी रेघ ओढली, शेजारी रेकॉर्डिंगमधली वेळ टाकली, ४ मिनिटं १२ सेकंद, आणि खाली लिहिलं : ‘कार्बिमॅझोल का? दाराचा आवाज आहे.’ नव्यानं आलेल्या मुलींना अशी रेघ ओढायची लाज वाटते; काम येत नाही असं दिसेल म्हणून त्या काहीतरी भरून मोकळ्या होतात. त्यांना मी हे कार्ड काढून दाखवते. रेघेवर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत लिहिलंय : कार्बिमॅझोल १०.