इजिप्तचे ताईत : गळ्यात बांधलेली अक्षरं

ताईत म्हटलं की काळ्या दोऱ्यात ओवलेली, आत मंत्राचा कागद असलेली नळी आठवते. प्राचीन इजिप्तमध्येही अशी नळी होती. पपायरसच्या चिंचोळ्या पट्टीवर देवाचं अभयवचन लिहायचं, गुंडाळी करून नळीत सारायची आणि लेकराच्या गळ्यात बांधायची. पण ही पद्धत तशी उशिराची, इ.स.पू. १००० च्या पुढेमागे. तोवर तिथल्या ताइतांना तीनेक हजार वर्षं होऊन गेली होती. नाईलकाठच्या बदारी संस्कृतीच्या, म्हणजे इ.स.पू. ४००० च्याही आधीच्या थडग्यांत पाणघोड्याच्या आणि हरणाच्या आकाराचे ताईत सापडले आहेत.

मधल्या काळात लिपी आली आणि खरी गंमत तिथून सुरू होते. इजिप्तचे कितीतरी नावाजलेले ताईत ही चित्रलिपीतली चिन्हंच आहेत. अंख म्हणजे जीवन. जेदचा खांब म्हणजे स्थैर्य. शेणकिड्याचं चिन्ह ‘खेपेर’ असं वाचत. अर्थ, अस्तित्वात येणं. शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या या किड्यात त्यांना सूर्याला वर आणणारा पहाटेचा देव खेपरी दिसला. पपायरसच्या देठाचं चिन्ह म्हणजे ‘वाज’, हिरवंगार, टवटवीत. म्हणून तो ताईत हिरव्या दगडाचा. ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाचा डोळा म्हणजे ‘वेजात’, धडधाकट झालेला. त्याचा शत्रू सेत याच्याशी झुंजताना दुखावलेला तो डोळा विद्येचा देव थोथ याने बरा केला, अशी कथा. घालणाऱ्याला असा अर्थच अंगावर वागवायचा असे.

कोणता ताईत कशाचा, हे मृताच्या परलोकप्रवासासाठीच्या मंत्रांच्या संग्रहात, म्हणजे ‘मृतांच्या ग्रंथा’त सांगितलेलं आहे. इसिस देवीची गाठ लाल जास्पर दगडाची, जेद सोन्याचा. गरिबाकडे सोनं कुठलं? त्याच्यासाठी फायन्स. गारगोटीची भुकटी साच्यात दाबून भाजली की तांब्याच्या अंशाने वर निळी-हिरवी झिलई चढे. रंग जुळला की काम भागे.

सगळ्यांत विलक्षण मात्र ममीच्या छातीवर ठेवायचा हृदय-शेणकिडा. मेल्यावर परलोकाचा राजा ओसिरिस याच्यासमोर हृदय तराजूत पडणार, दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी मात हिचं पीस, आणि शेजारी टपलेली, पापी हृदय गिळणारी राक्षसी अम्मित. त्या वेळी आपलंच काळीज आपलं पाप ओकलं तर? म्हणून शेणकिड्याच्या पोटावर कोरलेलं असे : ‘माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस.’ साक्षीदार फुटू नये म्हणून आधीच केलेली ही तजवीज! पाप करूच नये, यापेक्षा हा मार्ग लोकांना सोपा वाटला असणार.

१९२५ मध्ये तुतनखामुन राजाची ममी उघडली, तेव्हा कापडांच्या घड्यांत १४३ वस्तू निघाल्या. त्यांत डोकं शाबूत राहावं म्हणून ठेवलेली एक चिमुकली लोखंडी उशीही होती. सामान्यांच्या कहाण्या याहून बोलक्या असतात. १९१६ साली एदफूजवळ मिळालेली एका मुलाची ममी कैरोच्या संग्रहालयाच्या तळघरात न उघडताच पडून होती. तिच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. वय चौदा-पंधरा; अंगावर आणि अंगात मिळून २१ प्रकारचे ४९ ताईत, तीन रांगांत नीट मांडलेले. तोंडात सोन्याची जीभ, म्हणजे परलोकात बोलता यावं. छातीच्या पोकळीत सोन्याचा शेणकिडा. कुणीतरी त्या पोरासाठी हात आखडता घेतला नव्हता.

कापडात काय दडलंय हे चोरांनाही पक्कं ठाऊक होतं. नवव्या रामसेस राजाच्या काळात, इ.स.पू. १११० च्या सुमारास, थडगी फोडणाऱ्या टोळीवर खटला चालला. त्यातल्या एका पाथरवटाचा कबुलीजबाब पपायरसवर उरला आहे. सोबेकेमसाफ राजाच्या गळ्यात सोन्याचे दागिने आणि पुष्कळ ताईत होते, असं तो सांगतो. ते सगळं त्यांनी काढून घेतलं, राणीच्या अंगावरचंही घेतलं आणि शवपेट्यांना आग लावली. सोबेकेमसाफ याच नावाच्या राजाचा एक हृदय-शेणकिडा, हिरव्या जास्परचा, माणसाच्या चेहऱ्याचा आणि सोन्याच्या कोंदणातला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साक्ष न देण्याची विनवणी त्याच्यावर अजून वाचता येते.