प्रतिकारशक्तीमुळे येणारे वंध्यत्व : उपचारांची पार्श्वभूमी

शुक्राणू दुसऱ्या शरीरात टोचले की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या गोष्टींना चिकटणारी संरक्षक प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी) तयार होतात, हे १८९९च्या सुमारास लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी प्राण्यांत दाखवले. पण मूल न होण्याशी त्याचा संबंध जोडला गेला १९५४ साली. रुम्के आणि विल्सन या संशोधकांना, दोघांनाही स्वतंत्रपणे, काही वंध्य पुरुषांच्या रक्तात शुक्राणू एकमेकांना चिकटवणारी प्रतिपिंडे आढळली. शुक्राणू तयार होतात वयात येताना. आपले कोण, परके कोण हे शरीराने त्याआधीच ठरवलेले असते. म्हणून शुक्राणू त्याला परके वाटू शकतात; एरवी वृषणातला अडसर त्यांना लपवून ठेवतो. इजा, संसर्ग किंवा नसबंदीने तो मोडला की प्रतिपिंडे बनू शकतात.

१९६४ नंतर स्त्रियांमधील प्रतिपिंडांसाठी काही महिने कंडोम वापरण्याचा सल्ला दिला जाई. संपर्क तुटला की प्रतिपिंडे ओसरतील, ही आशा. मुलासाठी आसुसलेल्या जोडप्यांचे ते महिने वायाच गेले असावेत, कारण भक्कम पुरावा कधी मिळालाच नाही. पुरुषांना जास्त मात्रेत स्टेरॉइड दिली गेली. थोड्यांना फायदा झाला, पण काहींच्या खुब्याचे हाड निकामी झाले. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी यशस्वी केल्याचे जाहीर केले आणि हा प्रश्न बराचसा सुटला : एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडला, की प्रतिपिंडांचा अडथळा उरत नाही.

गर्भ न टिकण्याची कथा वेगळी आहे. अर्धा परका गर्भ आईचे शरीर स्वीकारतेच कसे, हा ब्रिटिश शास्त्रज्ञ मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडलेला प्रश्न. त्यातूनच पत्नीला पतीच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार निघाला. १९८५च्या एका चाचणीने आशा वाढवली. १९९९च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट नुकसानीची शंका आली. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने संशोधनाबाहेर तो थांबवायला सांगितला.

टिकला तो नेमक्या निदानावरचा उपचार. वारंवार गर्भपात आणि रक्तात अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणारी) असतील, तर अ‍ॅस्पिरिनसोबत हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिल्याने जिवंत बाळ होण्याचे प्रमाण वाढते, हे १९९०च्या दशकातील चाचण्यांनी दाखवले. रक्तातल्या एनके पेशी (‘नॅचरल किलर’ या पांढऱ्या पेशी) मोजून इन्ट्रालिपिड (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) सुचवणे मला म्हणूनच खटकते. गर्भाशयातल्या एनके पेशी वेगळ्या असतात, गर्भ रुजायला त्या हातभार लावतात. रक्ताच्या तपासणीत त्यांचा पत्ता लागत नाही. युरोपच्या प्रजनन-वैद्यक संघटनेने २०२३च्या शिफारशींत इन्ट्रालिपिडचा सरसकट वापर नाकारला आहे.