नोडल पॉइंट म्हणतात खरं, पण कॅमेरा फिरवायचा कशाभोवती?

एका जुन्या वाड्याच्या चौकात ट्रायपॉड लावून ३६० अंशांचा गोलाकार पॅनोरमा काढला होता, म्हणजे चौफेर आणि वर-खालीही कॅमेरा फिरवत सुटे फोटो घेतले होते. घरी येऊन हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडले. आकाश, कौलं, पलीकडची भिंत सगळं बिनबोभाट जुळलं. पण पायाशी असलेल्या शहाबादी फरशीच्या रेषा एकमेकींना भेटेनात, आणि जवळचा लाकडी खांब कंबरेत मोडून पुन्हा बसवल्यासारखा दिसायला लागला. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक केलेलं. चुकला होता तो कॅमेरा फिरण्याचा बिंदू.

या बिंदूला आपण सरसकट नोडल पॉइंट म्हणतो. दुकानात ट्रायपॉडवर कॅमेरा बसवून फिरवायचं हेड मागायचं तरी 'नोडल हेड' म्हणूनच. पण पॅनोरमासाठी कॅमेरा ज्याच्याभोवती फिरवायचा तो नोडल पॉइंट नव्हेच. तो एंट्रन्स प्युपिल, म्हणजे लेन्स जिथून बघते ती जागा.

नोडल पॉइंट दोन असतात, पुढचा आणि मागचा. पुढच्याच्या रोखाने आलेला किरण मागच्यातून त्याच कोनात बाहेर पडतो. त्यामुळे लेन्स मागच्या नोडल पॉइंटभोवती फिरवली तर दूरच्या दृश्याची फिल्मवरची प्रतिमा जागची हलत नाही. जपानी वाइडलक्स कॅमेरा याच गुणावर चालायचा: वक्र पट्टीत फिल्म स्थिर, लेन्स तेवढी डावीकडून उजवीकडे वळणार, आणि १४० अंशांचं दृश्य एकाच फ्रेममध्ये. लेन्स भलत्याच बिंदूभोवती वळली असती तर चित्र फिसकटलं असतं.

आपलं काम वेगळं आहे. लेन्सबरोबर सेन्सरही फिरतो आणि प्रत्येक फ्रेम थांबून, सुटी काढली जाते. आपला प्रश्न एवढाच, की या फ्रेममध्ये खांबामागे भिंतीचा जो भाग झाकला गेला, तोच पुढच्या फ्रेममध्येही झाकला जाईल का? ते ठरतं लेन्स 'कुठून बघते' यावर, आणि ती बघते एंट्रन्स प्युपिलमधून. लेन्समध्ये समोरून डोकावलं की अ‍ॅपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं दिसतं, ती ही जागा.

दोन्ही बिंदू जवळजवळ असते तर मी एवढा कीस काढला नसता. पण हिशेब करून बघा. १८ मिमी लेन्स अनंतावर फोकस केली की मागचा नोडल पॉइंट सेन्सरच्या १८ मिमी पुढे येतो. कॅननच्या ईएफ बॉडीत माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, सेन्सरपासून ४४ मिमी दूर. म्हणजे हा बिंदू लेन्समध्ये नाहीच, बॉडीच्या आत, आरशाच्या पोकळीत पडतो! एंट्रन्स प्युपिल मात्र अशा वाइड लेन्सच्या पुढच्या काचांच्या आसपास. नाव शब्दशः घेऊन हेड लावलं तर कित्येक सेंटिमीटरची चूक. गडाच्या बुरुजावरून फक्त समोरचे डोंगर टिपायचे असतील तर तीही खपून जाते. गोलाकार पॅनोरमात जमीन येतेच, आणि ती असते जेमतेम दीड मीटरवर.

जागा शोधायला गॅलरीचं ग्रील पुरे. आधी कॅमेरा सरळ खाली वळवून ट्रायपॉडचा मधला स्क्रू फ्रेमच्या मध्यावर आणा, म्हणजे डावं-उजवं बसलं. मग ग्रीलची एक सळई आणि समोरच्या इमारतीची कड एका रेषेत धरा. ही जोडी आधी फ्रेमच्या उजव्या बाजूला ठेवा, मग कॅमेरा उजवीकडे वळवून ती डाव्या बाजूला आणा. सळई कडेच्या डावीकडे सरकली तर प्युपिल फिरण्याच्या अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे. जोडी फुटायची थांबली की हेडच्या सरकत्या पट्टीवरचा आकडा मार्करने टिपून ठेवा. झूम बदलला की तो आकडा बाद.

फिशआयचं, म्हणजे अतिरुंद कोनाच्या लेन्सचं, दुखणं आणखी निराळं. किरण जितका तिरका, तितकी प्युपिलची जागा सरकते, त्यामुळे सगळ्या कोनांना चालेल असा एक बिंदूच नसतो. म्हणून चाचणी दोन फोटोंच्या सांध्याच्या कोनावर करायची. एका फेरीत सहा फोटो घेत असाल तर सांधा मध्यापासून ३० अंशांवर पडतो, चार घेत असाल तर ४५ वर. माझ्या पट्टीवर एकाच फिशआयच्या दोन खुणा आहेत त्या यामुळेच.